पेटीच्या उजेडातला माणूस

बालाघाट
८ फेब्रुवारी १९८६

ताई,

हे पत्र फाडायच्या आधी निदान पहिलं पान वाच. बाबांच्या तेराव्याला तू मला बजावलं होतंस, की भाऊजींचं नाव पुन्हा काढलंस तर तुझा-माझा संबंध संपला. मी नाव काढलं नाही, तरी संबंध संपलाच. चार वर्षांत तुझी एक ओळ नाही. तुझी खबर मिळते ती कालिंदी आत्याकडून.

तुझा राग मला कळतो. भाऊजींची सायकल, चपला आणि कपडे वैनगंगेच्या काठावर सापडले, प्रेत सापडलं नाही, आणि दर्भाचा पुतळा करून सगळे विधी उरकत असताना मी भर माजघरात ओरडले होते, "ताईच्या बांगड्या फोडू नका, ते मेले नाहीत." पंधरा वर्षांची होते मी. तू त्या वाक्यावर विश्वास ठेवलास आणि दोन वर्षं वाराशिवनीच्या बसस्टँडकडे बघत बसलीस. म्हणून हे लिहायला मला फार जड जातंय. मंगळवारपासून रोज कागद पुढे घेते आणि उठते.

आधी पेटीबद्दल सांगते. तिच्याशिवाय हे घडलं नसतं.

बाबांच्या स्टुडिओतले ते दोन मोठे बल्ब तुला आठवत असतील. गिऱ्हाइकाला घाम फुटायचा, डोळे बारीक व्हायचे, नाकाची सावली गालावर कोळशानं ओढल्यासारखी पडायची. मी दिवाळीनंतर नागपूरला जाऊन फ्लॅशचे नवे दिवे आणले आणि त्यावर बसवायचा सॉफ्टबॉक्स आणला. बाहेरून काळं कापड, आतून चांदीसारखं, चार काड्यांवर तंबूसारखं ताणायचं, आणि तोंडाला पांढरं कापड. दिवा आत. लोक त्याला पेटीच म्हणतात. दुकानात दोन होत्या. दुकानदार म्हणाला, "बालाघाटले लहान पुरते." मी मोठी घेतली. आपल्याकडे एकटा माणूस फोटोला येतो तो नोकरीच्या अर्जासाठी. एरवी अख्खं घर येतं. लहान पेटीत मधला चेहरा उजळतो आणि कडेची माणसं काळवंडतात.

पेटी वापरायला शिकण्यात महिना गेला. ती जितकी चेहऱ्याजवळ, तितका उजेड मऊ. लांब नेली की कडक होतो. मला वाटायचं उलटं असेल. चष्मेवाल्याला जरा वरून द्यावी लागते, नाहीतर काचेत पांढरा चौकोन उमटतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तक्ता उभा केला की गालाची सावली भरून निघते. आणि मुख्य म्हणजे माणूस डोळे मिटत नाही. खिडकीशी बसल्यासारखा निवांत बसतो. डोळे पूर्ण उघडे.

मंगळवारी दुपारी बैहरच्या पलीकडचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन लहान मुलं. बायकोच्या बहिणीनं आमच्याकडे फोटो काढला होता, म्हणून ही हट्टानं आली होती. "इनका फोटो आज तक निकला ही नहीं, बाई," ती सांगत होती. "हर बार टालते हैं." नवरा दाढीवाला, भरल्या अंगाचा. बाजारात शिलाईचं मशीन घेऊन बसतो म्हणाला. मी त्यांना बसवलं, चौघांसाठी पेटी पुढे ओढली, आणि कॅमेऱ्याच्या काचेत खाली बघितलं.

त्याच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात तपकिरी तीळ होता, ताई.

मग मी स्वतःशीच म्हटलं, भाऊजींचा तीळ डाव्या डोळ्यात होता, हा तर उजव्यात आहे. जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच क्षणी आठवलं, की या कॅमेऱ्याच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. इतकी वर्षं रोज बघतेय. तरी त्या क्षणापुरतं मी ते सोयीनं विसरले.

मी मान वर करून सरळ पाहिलं. डावा डोळा. बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला. पेटीच्या उजेडात स्वच्छ.

त्याने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? दोन वेण्यांची पोर होते मी, आता जाड चष्मा आहे. स्टुडिओ जुन्या जागेतून हनुमान चौकात आलाय, पाटीवर बाबांचं 'बंडोपंत' हे नाव नाही. नाव विचारलं तर "घनश्याम" म्हणाला. आवाज, ताई. आवाज तोच.

मी फोटो काढला. हातांना सवय असते, ते करत राहतात. ती माणसं गेल्यावर दार लावून घेतलं आणि जमिनीवर बसले.

तू कोर्टात अर्ज केलायस, नवरा सात वर्षांहून जास्त बेपत्ता आहे म्हणून मोकळं करा असा, आणि निकाल लागला की नीळकंठरावांशी तुझं लग्न आहे, हे आत्यानं सांगितलं. मी गप्प बसले तर तुझं सगळं सोपं होईल. बसूनही पाहिलं. पण उद्या तू लग्न करशील आणि परवा हा माणूस कुणा दुसऱ्याला दिसेल. मग?

तुझी,
अलका

बालाघाट
२० फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. "तू पुन्हा तेच करते आहेस." एवढं एकच वाक्य, खाली सहीसुद्धा नाही.

मी तुला आशा लावत नाहीये. तेव्हा लावली होती, आता उलट आहे. सोबत फोटो पाठवतेय. बायको-मुलं कापून फक्त त्याचा चेहरा मोठा केलाय. तुला त्यांच्याकडे बघायला लागू नये म्हणून. तुझ्या लग्नाच्या फोटोशी ताडून बघू नकोस. बाबांनी त्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तीळ पुसून टाकला होता. "जावयाच्या डोळ्यात डाग बरा दिसत नाही" म्हणाले होते. त्यामुळे भाऊजींचा तीळ दिसणारा एकही फोटो आपल्याकडे नाही. तो तीळ बाबांखेरीज तुला ठाऊक, मला ठाऊक आणि त्यांच्या आईला ठाऊक होता.

बघ आणि लिही. शिव्या दे, पण लिही.

अलका

बालाघाट
१२ मार्च

ताई,

तू फोटो परत पाठवलास. मागे लिहिलंस, "हे ते नव्हेत. तीळ कुणालाही असतो, नाहीतर निगेटिव्हवर धूळ असेल. तुझ्या पेटीनं माणसाचं तोंड मळलेल्या कणकेसारखं केलंय. त्यांच्या उजव्या कानशिलापाशी खोक होती, बैलगाडीचं जू लागलेली. ती कुठे आहे?"

तुझा राग बाजूला ठेवला, तर तुझं म्हणणं बरोबर आहे. ती खोक मला आठवते. उथळ, बोटाच्या पेराएवढी. अशी जागा मऊ उजेडात दिसतच नाही. पेटीचा उजेड सगळीकडून येतो, खड्ड्यातही शिरतो आणि सावली पडूच देत नाही. देवीचे वण, सुरकुत्या, सगळं विरघळतं. म्हणून तर वयस्क बायका माझ्याकडे खूष असतात. खोक दाखवायची तर पेटी काढून उघडा दिवा बाजूनं, लांबून मारायला हवा. थर्माकोलही नको.

म्हणून मी त्याला परत बोलावलं. बैहरच्या बसचा कंडक्टर चैतराम ओळखीचा आहे. त्याच्याकडे निरोप दिला, की फिल्म खराब झाली, पुन्हा या. खोटं बोलले.

सोमवारी ते आले. नवरा, बायको आणि लहान मुलगी. बायकोचं नाव शेवंता. आल्या आल्या तिनं विचारलं, "वो बड़ा डब्बा कहाँ गया? वो लगाओ ना, बाई."

"आधी एकेकाचा काढते," मी म्हटलं. "मग पेटी लावते."

त्याला स्टुलावर बसवलं. दिवा उजवीकडे, जवळजवळ खांद्याच्या रेषेत. त्याने डोळे बारीक केले. मी काचेत बघितलं. कानशिलापाशी सावली. बोटाच्या पेराएवढी.

काहीतरी बोलायचं म्हणून मी जे रोज बोलते ते बोलले. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे ते. "हनुवटी माझ्याकडं, ध्यान घराकडं."

बटण दाबलं. लख्ख झालं. आणि त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला. तुमच्या लग्नाच्या दिवशी बाबांनी त्याला हेच वाक्य म्हणून बसवलं होतं, ते मी विसरले होते. तो विसरला नव्हता.

"तू बंडोपंतांची अलका?"

शेवंतानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो उठला, त्याचा पाय वायरीत अडकला, दिव्याचा स्टँड आडवा झाला आणि बल्ब फुटला. पोरगी रडायला लागली.

"बसा, भाऊजी," मी म्हटलं.

तो बसला नाही. भिंतीला टेकला. म्हणाला, "आशा..."

"आहे. नागपूरला शाळेत शिकवते."

"अन् आई?"

"गेल्या. तुमच्यामागं दुसऱ्याच वर्षी. शेवटपर्यंत म्हणत होत्या, माझं पोरगं पोहणारं होतं, ते बुडन कसं."

तेव्हा तो खाली बसला. फुटलेल्या काचांतच, भिंतीला टेकून, रडत. शेवंतानं त्याचा हात धरून बाजूला ओढलं, कारण काच लागली असती. तिला अजून काही कळलं नव्हतं आणि तरी तिनं आधी काच बघितली, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी विचारलं, "काहून केलं असं?"

ताई, मी तुला त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहिते. मला वाटत होतं काही तरी मोठं असेल. ऑफिसात काही भानगड, कुणाची भीती, आजार. तुझ्याबद्दल काही बोलला असता तर मी त्याच्या अंगावर धावले असते.

"काहून म्हणजे, काहीच नव्हतं, अलका. कोणी मले काही बोललं नव्हतं. आशा तं कधीच नाही. नदीवर थांबलो, आंघोळ केली. वर पाह्यलं तं पुलाजवळ बैहरची बस उभी होती, टायर बदलून राह्यले होते. पिशवीत धोब्याकडून आणलेले कपडे होते. ते घातले अन् चढलो. वाटलं, संध्याकाळच्या बसनं येईन परत."

"मग?"

"मग संध्याकाळ झाली."

एवढंच.

"लोकं नदीत शोधून राह्यले, हे कळलं होतं तुम्हाले?"

"हौ. चार-पाच दिवसांनी बाजारात ऐकलं. मग तं परतता येईना. मेलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं जावं?"

शेवंताला मराठी समजतं. ती हळूहळू मुलीला छातीशी घट्ट धरत गेली. मग तिनं त्याला एकच विचारलं. "हमारी शादी में जो तुम्हारे काका बनके आए थे, वो कौन थे?"

तो म्हणाला, "बाजारातला एक दर्जी होता."

ती हसली, ताई. हसणं थांबवता येईना तिला. पोरगी रडता रडता थांबून आईकडे बघायला लागली.

दुसरा फोटो सोबत आहे. कानशील बघ.

अलका

बालाघाट
२२ मार्च

ताई,

तार मिळाली. "येते." पाचदा वाचली.

गोंदियाहून सकाळच्या छोट्या गाडीनं ये. मी स्टेशनवर असेन. त्याला निरोप गेलाय, तो येतो म्हणालाय. शेवंता म्हणते, "जो बोलना है, मेरे सामने बोलें." मी तिला नको म्हणू शकले नाही. तुला चालत नसेल तर उलट तार कर.

वकील दुलीचंदांना भेटले. तो जिवंत आहे हे माहीत असताना तुझा आधीचा अर्ज चालवता येणार नाही, असं ते म्हणाले. पण त्यानं सोडून गेल्याचं स्वतः लिहून दिलं, तर त्या कारणावर घटस्फोट मिळेल. वेळ लागेल, पण पुढे कुणी तुझ्या लग्नावर बोट ठेवणार नाही. तू येण्याआधी त्याची सही घेऊन ठेवते.

आम्हां तिघांशिवाय खोलीत दुसरं कुणी नसेल. दारावरची पाटी 'बंद' अशी उलटी करून ठेवेन.

अलका

बालाघाट
९ एप्रिल

ताई,

तू निघून गेलीस आणि मी रिक्षामागे चौकापर्यंत पळाले. तू वळून पाहिलं नाहीस. नीळकंठराव गोंदियाला फलाटावर थांबले होते, हे तू येताना म्हणाली होतीस. तेवढ्या आधारावर मी परत फिरले.

तुझ्यामागे काय झालं, ते तुला कळायला हवं.

तू त्याच्याशी किती कमी बोललीस. मला वाटलं होतं तू रडशील, नाहीतर त्याच्या तोंडात मारशील. तू फक्त समोरच्या खुर्चीवर बसलीस, पदर नीट केलास आणि विचारलंस, "त्या दिवशी मी डबा दिला होता. तो खाल्ला होता का?"

तो म्हणाला, "हौ. बसमध्येच."

"काय होतं डब्यात?"

त्यानं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, मी बघत होते. मग म्हणाला, "आठवत नाही."

"मला आठवतं," तू म्हणालीस आणि उठलीस.

शेवंता बाकावर मुलांना घेऊन बसली होती, तिनं मान खाली घातली. तू दाराबाहेर गेल्यावर तो तसाच बसून राहिला. मी चौकातून परतले तेव्हा शेवंता त्याला विचारत होती, "मुझको छोड़के जाओगे तो बोलके जाओगे कि नहीं?"

तो म्हणाला, "पागल हो गई क्या? घर चलो." मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मैं टिकट लेके आता हूँ. तुम लोग धूप में मत निकलो."

आणि गेला.

ताई, तो परत आला नाही.

आधी वाटलं, बसस्टँडवर गर्दी असेल. मग वाटलं, कुठे एकटा बसला असेल. चैतरामनं सगळ्या गाड्या पाहिल्या, ओळखीच्या ड्रायव्हरांना विचारलं. लामटा, वाराशिवनी, गोंदिया, कुठलीही गाडी असेल. एकानं सांगितलं, दाढीवाला माणूस कटंगीच्या गाडीत दिसला. दुसरा म्हणाला, छे, तो तर तिरोडीच्या खाणीतला मुकादम. शेवंता मुलांना घेऊन दिवसभर माझ्या बाकावर बसून होती. मुलं पेटीच्या काळ्या कापडाखाली लपाछपी खेळत होती. मी भात केला, मुलांनी खाल्ला, तिनं घास तोंडापर्यंत नेला आणि ठेवला.

मला त्याच्या जाण्याचा धक्का बसायला नको होता. जो एकदा गेला तो पुन्हा जाऊ शकतो, हे मलाच आधी कळायला हवं होतं. तरी मी सुन्न झाले. मी त्याला भिंतीला टेकून आईसाठी रडताना पाहिलं होतं ना. ते रडणं खोटं नव्हतं, याची मला खात्री आहे. आणि तरी तो बसमध्ये चढला. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात?

शुक्रवारी शेवंता पुन्हा आली. पोलीस ठाण्यात त्याचा फोटो मागितलाय. मी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. पेटीतल्या फोटोत तो देवमाणूस दिसतो. गाल भरलेले, डोळे शांत. दुसऱ्यात एक बाजू काळी, कानशिलावर खड्डा, डोळे आकसलेले. तिनं पेटीतला फोटो बराच वेळ हातात धरला.

"इसमें अच्छे दिखते हैं," ती म्हणाली. मग तो खाली ठेवला. "पर इससे कोई पहचानेगा नहीं ना?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं दुसरा उचलला. "ये थाने को देती हूँ. वो आप ही रख लो."

दारातून ती परत आली. म्हणाली, "बाई, नदी में भी दिखवाऊँ क्या?"

तिला गावात लोक विचारताहेत, कुणी म्हणतं दुसरी बाई असेल, कुणी म्हणतं नदीवर जाऊन बघ. तिला या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. मी एकदा तुला दिलं होतं आणि त्याचं काय झालं ते तुला-मला माहीत आहे. या जगात हे उत्तर देऊ शकणारी एकच बाई आहे.

तुझ्याकडून काही मागायचा मला हक्क नाही. तिच्याशी तुझं काही नातं नाही, आणि जे आहे त्याला नाव नाही. तरी तिला दोन ओळी लिहिशील? माझ्या पत्त्यावर पाठव. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवेन.

अलका

बालाघाट
३० एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं आणि आत तिचंही. त्यानं सही करून दिलेल्या कागदावर तुझी कोर्टातली नवी तारीख जुलैची आहे, नीळकंठराव "थांबू, घाई काय आहे" म्हणाले, हे वाचून फार बरं वाटलं. आणि शेवटी तू लिहिलंस, "सुट्टीत ये, मला तुझ्याशी बोलायचं आहे." मी तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि दिवसभर तसाच वागवला. मे महिन्यात लग्नाचे फोटो आहेत, ते उरकले की जूनच्या पहिल्या आठवड्यात निघते.

शेवंता काल आली होती, दोन्ही मुलांना घेऊन. भावानं तिला आपल्या घरी ये म्हटलंय, पण ती गेली नाही. त्याचं शिलाईचं मशीन तीच चालवते. बायकांची पोलकी शिवते. ठाण्यातून काही कळलेलं नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. वाचता वाचता हिंदी करत गेले. "बहिणी, नदीत शोधू नकोस. तो नदीत नाही. तो कुठल्या तरी गावात जेवत असेल. त्याच्या जाण्यात तुझा दोष नाही, माझाही नव्हता, हे मला कळायला फार उशीर लागला. कुणी तुला विधवा म्हणालं तर म्हणू देऊ नकोस. वाट पाहू नकोस. मी पाहिली होती."

तिनं "वाट पाहू नकोस" पुन्हा वाचायला लावलं. मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता, त्याच्या केसांतून तिचा हात फिरत होता.

"दीदी ने कितने दिन देखी थी?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. "दो साल."

तिनं मनाशी काहीतरी ठरवल्यासारखी मान हलवली.

"दीदी को लिख दो, मैं दिवाली तक देखूँगी. उसके बाद नहीं."

ती मुलाला खांद्यावर घेऊन उठली, मुलीचं बोट धरलं, आणि बैहरच्या बसला उशीर होतो म्हणून भराभर जिना उतरून गेली.

तुझी,
अलका